रकाना सात

वही कानडीत आहे, पण आखलेली मी.
घर नंबर, यजमानाचं नाव, नळ, संडास, घरपट्टी, बाकी,
आणि यंदा शेवटी एक नवा रकाना, सातवा:
झेंडा. आहे किंवा नाही.
नाही असेल तर शंभराची पावती.

एरवी पाणीपट्टीला गेले की
खानापुराबाहेरच्या या भट्टीगल्लीत
माणसं मागच्या दारानं रानात जातात.
काल सगळी पुढच्या दारात उभी.
"शेवंताक्का, बघ गे, लावलाय."
आणि चहा.
पंधरा वर्षांत इथं मला कुणी चहा विचारला नव्हता.
तो घशाखाली उतरेना.

सातेरी घाडीनं लावला नव्हता.
म्हशीखाली बसलेला, उठलाही नाही.
"एक नोव्हेंबरला एक येऊन तांबडा-पिवळा लाव म्हणतात,
त्याच दिवशी दुसरे येऊन काळी फीत बांध म्हणतात,
आता तू आलीस.
एका दाराला किती जणांचे खिळे?"
मी म्हटलं, ऑर्डर आहे.
"मग फाड पावती. आणि हे पण लिहून घे:
सकाळी शाळेतनं राष्ट्रगीत ऐकू आलं की
धार अर्धी सोडून उभा राहतो मी. चौथीपासनं.
म्हस लाथ घालते, चरवी लवंडते.
कुणी सांगितलं न्हवतं, म्हणून करूलालो.
उद्या सांगशील तर बसून राहीन."

मला हे पटलं नाही. खरंच नाही.
सक्ती केली म्हणून तर या गल्लीत संडास झाले,
पोरी सातवीच्या पुढं गेल्या,
माझ्याच वहीत आहे सगळं.
मग झेंड्यानंच काय घोडं मारलंय?
हे त्याला बोलले नाही,
चिखलातून चालताना स्वतःशीच भांडले.
शंभराची नोट त्यानं ओल्या हातानं दिली होती.
पर्सला अजून दुधाचा वास.

गल्लीच्या टोकाला दस्तगीर नदाफ, गाद्या करतो.
त्याच्या घरावर तीन.
एक पत्र्यावर, एक खिडकीला, एक सायकलच्या हँडलला.
"दस्तगीरभाई, एक पुरे होता."
भुवयांवर कापूस. तो हसला नाही.
"एक तुमच्या वहीचा.
एक शेजाऱ्यांसाठी.
तिसरा, वाऱ्यानं पहिले दोन पडले तर."
मग आवाज उतरवून:
"माझा आत आहे. बघता?"

आत, पिंजणीच्या वर, भिंतीला,
वीतभर कागद. वहीच्या रेघा अजून दिसतात.
हिरवा पांढऱ्यात उतरलेला,
चक्र कुणा लहान पोरीची बांगडी ठेवून काढलेलं,
आरे मोजले तर एकोणीसच.
थोरल्या हुस्नबानूनं तिसरीत केलेला,
ती आता हुबळीला नांदते.
"पंधरा तारखेला धूळ पुसतो. बाहेर नाही आणत."
का, म्हणून विचारलं.
"बाहेर आणला की तो चौथा होईल."

घरी आले तर लाइट गेलेली.
मेणबत्तीत वही उघडली.
दस्तगीरपुढं लिहिलं, आहे.
सातेरीपुढं लिहिलं, नाही.
दोन्ही अक्षरं वळणदार आली
आणि दोन्ही मला खोटी वाटली.
आठवा रकाना आखायला कागद उरला नव्हता,
आखला असता तरी त्याला नाव काय देणार?

राहिलं माझं घर. नंबर एकशे बारा.
दरवर्षी मी स्टेशनजवळून घ्यायची, माझ्या पैशानं,
आदल्या रात्री उशीखाली घडी घालून ठेवायची
सुरकुत्या जाव्यात म्हणून.
यंदा पंचायतीनं दिला, पगारातून पंचवीस कापून.
पुडीला पिन आहे. ती अजून काढलेली नाही.
सकाळी काढीन. बांधीन. पहिल्यासारखाच दिसेल,
रस्त्यावरून बघणाऱ्याला.

एकशे बारापुढचा सातवा रकाना
मी पेन्सिलीनं भरला.