रकाना चौदा

रकाना चौदा: काठापासूनचे अंतर, मीटरमध्ये.
औलिस हक्काराइनेननं तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं –
नऊ पावलं. बापाची.

म्हणून मी गेले. एप्रिल होता, तळ्यावरचा बर्फ
कडेकडेनं सुटलेला, मधे अजून घट्ट.
जुनं सॉनाघर जानेवारीच्या भारानं छपरासकट बसलेलं,
चूल तेवढी उभी, काळी, तोंड उघडं टाकून.
"याच फळीवर जन्मलो मी," तो म्हणाला,
"तेव्हा कुणी परवाना मागितला नव्हता."

मी टेप काढली, टोक त्याच्या हातात दिलं.
तो पाण्यापाशी गेला आणि थांबला.
"कुठल्या पाण्यापासून?
आजचं तर त्या बर्चच्या मुळाशी आलंय.
ऑगस्टमधलं पार दगडापलीकडे असतं,
पोरं तिथं चिखलात शिंपले शोधतात."

रकाना एकच होता.
मी खडकावरची रेघ दाखवली:
खाली काळं, वर करडं दगडफूल.
पाणी दरवर्षी इथं सही करून जातं, म्हटलं.
त्यानं वाकून अंगठ्यानं पुसून पाहिली.
पुसली नाही.

तीस मीटर तरी हवेत. लव्हाळ्यात कुइक्का पक्षी
अंडी घालतात, लाटेपासून जेमतेम वीतभर उंच.
राख, साबण, माणसांची ये-जा...
"ते पाखरू मला ठाऊक आहे," तो म्हणाला,
"तू नव्हतीस तेव्हापासून."
कॉफी दिली मात्र. साखर विचारली नाही.

नामंजूर. शिक्का गोल, निळा.
त्या संध्याकाळी शाई बोटांवरून
लवकर निघेना.

जूनमध्ये नवा अर्ज. चौदाव्या रकान्यात
पेनानं, दाबून: छत्तीस.
आणि डिसेंबरात फोन,
"चूल तापलीय. येऊन मोजून जा."

त्याच्या बायकोनं, तुऊलिक्कीनं, टॉवेल हातात दिला
आणि दार उघडलं. बाहेर उणे अठरा.
पहिली दहा पावलं अंगातली वाफ सोबत आली.
विसाव्याला ती परत फिरली.
पुढं तळवे, बर्फ, आणि मीच मंजूर केलेलं अंतर.

बर्फात पाडलेल्या भोकाशी कंदील होता.
त्याच्या उजेडात लव्हाळं, ताठ, गोठलेलं,
आणि त्यात एक घरटं
वाटीसारखं बर्फानं शिगोशीग.

"किती भरली?" दारातून म्हातारा ओरडला.
"बावन्न!" मी ओरडले.
मोजणं केव्हाच सुटलं होतं.