जास्त

वसमतला मोंढ्यामागं, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
मी इंग्रजी शिकवतो.
खडू फळ्यावर पांढरा उमटतो,
बोटांवर मात्र पिवळा राहतो.

त्या सकाळी शब्द होते वाईटाचे.
बॅड. मग हॉरिबल, टेरिबल, ऑफुल,
ड्रेडफुल, गास्टली, अट्रोशस.
कवायतीला उंचीनुसार पोरं उभी करावीत
तसे एकाखाली एक लिहिले.
मग पुस्तकातली वाक्यं:
सूप हॉरिबल होतं.
हवा ऑफुल होती.
त्याच्या मामाची टोपी गास्टली होती.

पोरं हसली. टोपीला एवढं कशापायी, सर?
म्हटलं, आपण नाही का म्हणत,
शिरा भयंकर गोड झालाय,
पिच्चर बेक्कार भारी होता.
शब्द रोज गवताला लावला की
बोथट होतो, विळ्यासारखा.
आणि टेरिबल, टेरिफिक, दोघं एकाच भीतीच्या पोटचे.
एक वाया गेला, एकाचं बरं झालं,
आता रस्त्यात ओळखसुद्धा देत नाहीत.
(हे वाक्य मी दर बॅचला म्हणतो. दर बॅचला हसतात.)

विशाखा हनवते हसली नाही.
सरकारी दवाखान्यातली रात्रपाळी उरकून
ती थेट क्लासला यायची,
परदेशी नर्स म्हणून जायचं होतं तिला.
"सर, यातला सगळ्यात मोठा कोणता?"
मी अट्रोशसखाली रेघ मारली.
"आन् त्याच्या वरचा?"

खाली हमालांनी पोतं टाकलं. धूळ खिडकीपर्यंत आली.

"काल राती एक बाई आणली. ब्याण्णव टक्के.
शुद्धीत होती. स्टोव्हचा भडका उडाला म्हणली,
नायब तहसीलदारानं तेच लिहून घेतलं.
तिचं पोरगं बाकड्यावर बसलं होतं माझ्यापाशी,
सात वर्षांचं.
म्हणलं, आमच्या घरी स्टोव्ह न्हाई, गॅस हाय.
त्याला यातला कोणता लावू?"

मी डिक्शनरी उघडली.
हॉरिबल म्हणाला, टेरिबलकडं जा.
टेरिबल म्हणाला, ड्रेडफुलला विचारा.
ड्रेडफुलनं परत हॉरिबलचं टेबल दाखवलं.
तहसिलीत हेलपाटे मारल्यासारखा
मी पानं उलटत राहिलो.

माझी आई अशा वेळी वंगाळ म्हणायची
आणि पदर तोंडाशी धरायची.
तो शब्द पदरासकट होता.
फळ्यावर नुसतं वंगाळ लिहिलं
तर उद्या पोरं तेही टोपीला लावतील.

"राहू द्या, सर," ती म्हणाली.
"रिपोर्टात आम्ही आकडाच लिहितो."

परीक्षेत आलं: तुमचा एक टेरिबल अनुभव,
अडीचशे शब्दांत.
तिनं लिहिलं, परभणीची बस चुकली,
चप्पल तुटली, फोनची बॅटरी गेली.
"टेरिबलला तेवढंच पेलतं," पेढा देताना म्हणाली.
गुण चांगले पडले होते.

आता ती लीड्सला असते.
परवा मेसेज आला: इथला चहा टेरिबल आहे,
पुढं हसरं तोंड.
मग बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं.
मग:
"सर, इथं पेशंट जायला टेकला की
घरच्यांना हळूच सांगतात, नॉट टू गुड.
बस, एवढंच.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मग ठीकच हाय."

उत्तर काय लिहावं सुचेना.
वडिलांच्या वेळी कुरुंद्याहून चुलतभाऊ आला होता मला न्यायला.
मोटारसायकल बंदही केली नाही त्यानं,
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला,
"चल. दादांचं जरा जास्त हाय."

काय जास्त, किती जास्त,
मी विचारलं नाही.
चपला दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या,
ते गावात पोचल्यावर कळलं.