झाकली मूठ

मत्राच्या बाजारात सोनारगल्ली संपते,
एसीचं पाणी जिच्यावर टपकतं
ती पायरी माझी.
घड्याळं, तराजू, खंजिरांच्या म्यानांचे सुटलेले टाके.
जुन्या वस्तूची किंमतही सांगतो,
कागद असेल तर.

हिलालकडे कागद होता, पोलिसांचा, तीन घड्यांचा.
आणि हलव्याच्या रिकाम्या डब्यात
फेट्यात गुंडाळलेलं आजोबांचं रिव्हॉल्वर.
पाच वारस. खजुरी मोजून झाल्या,
पाटाच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा वाटल्या
अर्ध्या-अर्ध्या तासाने.
हे मात्र कापता येईना.
"आकडा सांग," तो बाजारी हिंदीत म्हणाला,
"शमसा आत्याला रोख द्यायचेत."

आधी रिकामं आहे ना ते पाहिलं.
सहा भोकं, सहा वेळा उजेड.
कडी दाबली तसं अडकित्त्यासारखं मधोमध उघडलं.
वेब्ली. सहावा नमुना. सन एकोणीसशे सतरा.
कावळ्याच्या पावलासारखा सरकारी बाण,
बुडाशी दोरी ओवायची कडी.
"कुणा इंग्रजाचं असणार."
"आजोबांनी जिंकलं असेल."
"किंवा विकत घेतलं असेल."
"किंवा," हिलाल हसला, "परत द्यायचं राहिलं असेल."

मग वजाबाक्या.
चक्रावरचा नंबर सांगाड्याशी जुळत नाही.
गंज फक्त डाव्या अंगाला,
वर्षानुवर्षं समुद्राकडच्या भिंतीवर टांगल्यासारखा.
कुणीतरी राखेने घासून चमकवलंय,
मायेने, पण घासलंय.
आणि मूठ मूळची नाही.
मूळची काळी असते, रबरासारखी.
ही सागवानी. हे सगळ्यात मोठं वजा.

सागवान मला हाताला कळतं.
देवगडला मामाच्या गलबताला हाच वास होता,
तेलात मुरलेला.
एकच स्क्रू. आतला नंबर बघायला सोडवला.
फळीच्या पोटात, जिथे कुणी बघत नाही तिथे,
पटाशीच्या टोकाने, आपल्या अक्षरांत:

अनंत मेस्त्री. बाकी रु. ३

त्या गल्लीत हे वाचू शकणारा मी एकटा.
"काय लिहिलंय?"
झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची,
ताईच्या लग्नाच्या बोलणीत
मामाला डोळ्यांनी गप्प करताना.
स्क्रूचे दोन फेरे, की झाकली असती.

सांगितलं.

हिलालने कहव्याचा पेला हलवून पुरे म्हटलं.
"तीन रुपये म्हणजे आज किती?"
तेव्हा इथेही रुपयेच चालायचे.
मी सागाचा भाव धरला, मेस्त्र्याची रोजी धरली,
परतीच्या गलबताचं भाडं धरून पाहिलं.
जमेना.
रिव्हॉल्वरचा आकडा केव्हाच निघाला होता:
दोनशे ऐंशी रियाल. मूठ मूळची असती तर चारशे.

त्याने आत्याला फोन लावला.
अरबीतलं मला एवढंच कळलं, दैन,
म्हणजे कर्ज, तेही तीनदा.
मेलेल्याचं आधी फेडायचं, वाटणी नंतर.
"आत्या म्हणते, आधी तुमचा मेस्त्री."
माझा कसला?
आमच्या किनाऱ्यावर
दर दहा घरांत एक अनंत मेस्त्री.

तरी त्याने रिव्हॉल्वर तसंच, एका बाजूने उघडं,
फेट्यात गुंडाळून डब्यात घातलं
आणि ती फळी माझ्यापुढे सरकवली.
"सुट्टीवर जाशील तेव्हा विचार."
किती पैसे न्यायचे, ते दोघांनीही काढलं नाही.

फळी आता खणात आहे, सुटे काटे ठेवतो तिथे.
सुट्टी मेमध्ये.
कस्टमवाला बॅग उघडून विचारेल, हे काय?
मूठ, म्हणेन.
कशाची, म्हणेल.