दात कोरून

फ्लोरेन्सियो तिग्रेरो माझ्या खुर्चीत बसतो
तेव्हा शर्टाला कोळंबीचा वास असतो
आणि खिशात, हातरुमालाच्या गाठीत, काहीतरी काळं.
"डॉक्टर, पैसे नाहीत. हे चालेल?"
ट्रेमध्ये ठेवतो, चिमट्याच्या शेजारी,
तळताना करपलेल्या केळ्याच्या चकतीसारखं.
चालतं.
गेली एकोणीस वर्षं चालतंय.

कायद्याने ही चांदी सरकारची.
तिग्रेरो म्हणतो, जाळं माझं फाटलं,
सरकारचं नाही.
मी मत देत नाही. मी दाढ काढतो.

रात्री दवाखान्याचं शटर अर्धं ओढून
तीच अवजारं पुन्हा उकळतो.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
माझं त्यावरच भरलं,
आणि उरलेल्यावर हा नाद.
साडेतीनशे वर्षांचं कीटण:
शिंपल्यांचा चुना, गंधकाची काजळी, वाळूचे दोन हट्टी दाणे.
हिरडीखाली उतरावं तसं उतरायचं,
एका बाजूने, दमानं,
आत अजून काही दुखत असेल या बेताने.

आधी क्रूस दिसतो. अर्धाच,
कारण कापणाऱ्याने वजन पाहिलं, गोलाई नाही.
मग पाठीवर दोन खांब, खांबांखाली लाटा.
डोंगरात कुणीतरी छापलेल्या लाटा,
ज्याने समुद्र बहुधा पाहिलाही नसेल.
कडेला टांकसाळीचं अक्षर:
पोतोसी.

तिथे मी गेलो नाही. उंचीवर मला चक्कर येते.
पण पारा मला ठाऊक आहे.
तरुणपणी रोज खलात घोटायचो,
चांदीची पूड, पाऱ्याचा थेंब,
आणि चेपायचो लोकांच्या दाढांत.
तिग्रेरोच्या बापाच्या दाढेत चेपलेलं
त्याच्याबरोबरच पुरलं गेलं.
पोतोसीला हेच, फक्त उलट्या दिशेने:
अंगणभर खनिजाचा चिखल, त्यात मीठ, त्यात पारा,
आणि तो तुडवणारे अनवाणी पाय,
गावागावातून सक्तीने धाडलेले.
पारा चांदीला धरतो तसा हाडालाही धरतो.
आधी लाळ सुटते. हिरड्या निळसर होतात.
मग एकेक दात
न दुखता हातात येतो.
हे पान मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.
गुण चांगले पडले.

गेल्या मार्चमधलं नाणं.
खांबाच्या वर तीन खळगे, वाकड्या ओळीत.
भिंग धरलं आणि ओरडलोच, सोइला, चावा! हा चावा आहे!
डावा सुळा, शेजारचा तुटका,
मग रिकामी जागा, मग एक दाढ.
सोइलाने चष्मा कपाळावर चढवला.
"चांदीवर दात उमटत नाही, डॉक्टर.
तुम्हीच शिकवलंत."

खरंय.
छिन्नी असेल. नांगराची साखळी घासली असेल.
तरी मेण तापवलं, ठसा घेतला,
प्लास्टर ओतून झोपायला गेलो.
सकाळी टेबलावर तीन दात उभे,
कुणाचेच नसलेले,
आणि मधली ती जागा, जीभ घालून बघावी अशी.

क्वितोचे एक गृहस्थ येतात, पांढरे हातमोजे घालून.
त्यांनी ते नाणं उलटसुलट केलं, टेबलावर वाजवून घेतलं.
"खणखणीत आहे. पण डाग आहे," म्हणाले,
"किंमत उतरते."
मी बाकीची चार दिली
आणि हे
कापसाच्या बोळ्यांच्या डबीत ठेवलं.

काल तिग्रेरो आला, गाल सुजवून.
या वेळी रुमाल रिकामा होता.
फळीवरचं प्लास्टर बघत राहिला बराच वेळ.
"हे कुणाचे?"
एक जुना पेशंट, म्हटलं.
"बरा झाला?"

बाहेर कुणीतरी मासळीच्या गाडीचा हॉर्न दाबत होतं.
आऽ कर, मी म्हटलं.
आणखी थोडा.