पेरू

"कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.
ती म्हणाली, "पेरू."
मला हसू आलं, आवरलंच नाही.
शारजात, इंडस्ट्रियल एरिया पाचमध्ये,
भुवयांवर करवतीचा भुसा, बाहेर सत्तेचाळीस डिग्री,
आणि गाव विचारलं तर बाई फळाचं नाव सांगते!

तिला कसं सांगणार,
की चितार आळीत माझ्या आजोबांनी
जन्मभर तेच केलं:
पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर हिरवट पिवळा हात,
देठाजवळ मुद्दाम ठेवलेला एक डाग,
पोपटाने टोच मारल्यासारखा.
गिऱ्हाईकाने दात लावून पाहिला
की म्हातारा दिवसभर खूश.

नेलिदा हुआमान. आयाकुचोची, डोंगरातली.
नवरा समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर.
तिला पेटी हवी होती,
दोन दारांची, वर त्रिकोणी माथा.
"देव्हारा?"
हाताने दाखवल्यावर तिला कळलं. म्हणाली,
"देव आहेत. पण टोप्या विणणारी बाईसुद्धा आहे."

वरच्या मजल्यावर संत, त्यांच्या पायाशी बैल.
खाली बटाट्याची काढणी,
हार्प वाजवणारा आंधळा काका,
एक रडकं पोर,
आणि निवडुंगावरचे किडे खरवडणारी मावशी.
त्या किड्यांचाच लाल रंग
तिच्या परकरावर लावलेला.
सगळी माणसं करंगळीएवढी,
उकडलेला बटाटा आणि जिप्सम एकत्र मळून केलेली.

बाहेर दमट, आत एसी.
तिसऱ्या दिवशी बैल तडकला,
मग संताचं नाक,
मग काकाची हार्प मधोमध.
ती रडली नाही. तुकडे तळहातावर घेऊन
बराच वेळ स्पॅनिशमध्ये बोलत राहिली, बहुतेक बैलाशी.

मी रोल्याच्या बाजारातून तीन किलो चिंच आणली.
आठवडाभर खोलीतल्या सहाही जणांना
चिंचेचं सार. शिव्या खाल्ल्या,
चिंचोके जमवले.
भिजवले, वाटले, कढवले.
गंजिफाच्या पत्त्यांना आमच्याकडे हीच खळ.
तिने बोट बुडवलं, हुंगलं,
बटाट्यात मिसळलं.
बैल तगला.

गॅलरीवाल्याने चिठ्ठीवर छापलं, लॅटिन कला.
ती वाचत उभी राहिली.
"गावात मी हुआमानांची धाकटी.
लिमात मला म्हणायचे, डोंगरातली.
लॅटिना मी इथल्या विमानतळावर झाले."
मी म्हटलं, आळीत मी तात्या चिताऱ्याचा नातू,
मुंबईत कोकणातला,
इथे हिंदी. कोणी घाईत असेल तर मलबारी.
तेव्हा ती हसली, माझ्या त्या पहिल्या हसण्याची परतफेड.

उद्घाटनाला तिची माणसं आली.
त्यांनी पेटीची दारं उघडली
आणि गॅलरीचा आवाजच बदलला.
बोलिव्हियाची नर्स त्या मावशीला बघून रडली,
चिलीचा एक म्हणाला, बटाटा मूळचा आमचा,
त्यावरून असं भांडण, की सुरक्षारक्षक डोकावला.
मेक्सिकोच्या आचाऱ्याने दारावरच्या फुलावर बोट ठेवलं:
झेंडू! आमचा!
मिरची आमची, सीताफळ आमचं.
मी गप्प. म्हणजे दसऱ्याचं तोरण यांचं,
माझ्या ताटातलं निम्मं यांचं.
जाऊ दे म्हटलं.
पण ब्राझीलची बाई काजू म्हणाली,
तेव्हा मात्र जीव अडला.
काजूसुद्धा?
वेंगुर्ल्यात कोणाला सांगू नका.

रात्री उशिरा सगळे भिंतीशी टेकून बसले,
दमलेले, एकमेकांच्या प्लेटमधलं खात.
पेटीतली माणसंही तशीच,
एकमेकांच्या खांद्याआड दाटीने.
कोणाला कुठलं गाव, विचारायची गरज नव्हती.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही.
पेटीच्या मागच्या फळीवर,
जी भिंतीकडे जाते आणि कधी दिसत नाही,
मी एक पेरू रंगवलाय.
हिरवट पिवळा, देठाजवळ टोच.

तिने पाहिला असावा.
कारण शेवटच्या दिवशी हार्पवाल्याच्या खांद्यावर
एक पोपट आला, आधी नव्हता.
सगळी माणसं समोर बघतात,
तो एकटा मान वळवून
मागच्या फळीकडे.