एक रिंग

परसोडीच्या आयटी पार्कात रात्रीचे पावणेदहा.
एसी बंद. खिडकीतून येतोय
दिवसभराच्या सेहेचाळीस अंशांतला उरलेला वारा,
आणि प्रणित बोरकुटे, वय बावीस, म्हणतो,
"मॅडम, केव्हाचा बटण दाबून राहिलो मी,
वर काहीच होऊन नाही राह्यलं."

मी त्याच्या खुर्चीमागे उभी.
स्क्रीनवर एक कंपोनंट, त्याच्या पोटात दुसरा,
दुसऱ्याच्या पोटात हे पिवळं बटण: जतन करा.
हे बघ, म्हटलं, याच्याकडे आहे ते सगळं वरून आलेलं.
रंग वरचा, नाव वरचं,
दाबू द्यायचं की नाही, तेही वरच ठरतं.
यातलं याला काही खोडता येत नाही.
"मंग वर सांगाचं कसं?"
हाक मारायची.
"अन् हाक?"
तीसुद्धा वरूनच द्यावी लागते, प्रणित.
तू द्यायला विसरलास.

एवढं बोलले आणि नाकात वाळ्याचा वास आला.

सक्करदऱ्याला बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान.
मी पुण्याला निघाले तेव्हा
त्यांनी गल्ल्यातून एक जुना मोबाइल काढला,
मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं,
आत एकच नंबर.
"बॅलन्स जास्त नाही टाकला.
पोचली का मिस्ड कॉल दे. मी लावतो."

दोन रिंग म्हणजे पोचले.
तीन म्हणजे पैसे.
एक म्हणजे काही नाही, अशीच.
एकीलाही ते उलट फोन लावायचे,
मागे पंपाची घरघर, "बोल."
मी म्हणायचे, चुकून लागला.

वर काय काय बदलत होतं, मला दिसलं नाही.
कोणत्या ताट्या उधारीत गेल्या,
कुणाची जळलेली मोटर रात्री बसून गुंडाळली.
माझ्यापर्यंत फक्त उतरायचं,
महिन्याच्या पाच तारखेला, तेवढंच.

प्रणितने एक ओळ लिहिली. दाबलं.
वरचं सगळं पान हललं, आकडा बदलला,
आणि बदललेला आकडा पुन्हा खाली आला.
"लागला ना बे!" तो स्वतःलाच म्हणाला.

आता बाबांचा रिचार्ज मी टाकते,
चौऱ्याऐंशी दिवसांचा, हवं तेवढं बोला.
किती वेळा सांगितलं.

पार्किंगमध्ये फोन थरथरला.
एक रिंग. कट.
मी लावला.
"काही नाही वं," ते म्हणाले, "चुकून लागला."
मागे पंप चालूच होता.