पावणेअकरा

वडगावात दुपारी तीनला
जेवून आलेले माग पुन्हा खडखडू लागतात
आणि शारदव्वा ढवळींचा कॉम्प्युटर
फट्दिशी मरतो.
काठातली कोयरी अर्धी असते, नेमकी तेव्हा.

"हेस्कॉमचं काम हे," सोनटक्की दारातूनच सांगतात.
सोनटक्कींना कुणी विचारलेलं नसतं.
आधीच्या मेकॅनिकनं रॅम पुसली खोडरबरानं,
विंडोज दोनदा टाकली, पैसे तीनदा घेतले.
पुतण्या म्हणाला, व्हायरस.
मॉनिटरच्या कानाला एक लिंबू लटकतंय,
वाळून बोराएवढं.

मी आधी भिंतीतल्या बोर्डात मीटर घातला.
दोनशे पाच.
कमी आहे, पण एवढ्यानं कुणी मरत नाही.
गल्लीतल्या फ्रिजना विचारा.

मग पाठ उघडली.
कापसाचा भुगा, रेशमाचे तुकडे,
पंख्याच्या दांड्यावर जांभळ्या धाग्याची गुंडाळी,
कुणी न सांगता गुंडाळलेली.
आणि तो वास.
थोडा सुक्या मासळीचा, थोडा तापल्या बॅकेलाइटचा.
भरमूकाका रेडिओ खोलायच्या आधी हुंगायचे:
"नाक फुकट आहे पोरी, मीटरला सेल लागतात."

सगळ्या वायरी सोडवल्या.
हिरवी आणि काळी, मधे वाकवलेली पेपरक्लिप.
पंखा फिरला. पिवळीवर बारा, वर एक दशांश.
"चांगलाय की ओ मग," शारदव्वा.
एकटं असताना सगळेच चांगले असतात.

परत सगळं जोडलं.
आता कोयरी भरा, म्हटलं. मोठी. सगळे रंग एकदम.
त्यांनी बटण दाबलं
आणि मी पिवळ्या वायरीच्या पाठीत सुई खुपसून
खाली जमिनीवर बसून राहिले.
साडेअकरा.
सव्वाअकरा.
पावणेअकरा, मी म्हटलं.
हत्तूमुक्कालु, त्या म्हणाल्या त्याच दमात,
आणि पडदा काळा.

त्या काळ्यात आम्ही दोघी दिसत होतो, हसताना.
आकडा एकच.
मी अकराकडून बघितला, पाव कमी.
त्यांनी दहाकडून, पाऊण जास्त.
बाराला मात्र तो कुणाच्याच बाजूनं पोचत नव्हता.

डबा काढला. हातात घेतला तर हलका,
बिस्किटं संपलेल्या डब्यासारखा.
स्टिकरवर साडेचारशे वॅट.
पाट्यांवर काय लिहिलंय ते
आम्हा बेळगावकरांना सांगू नये कुणी.
तो लगेच खोलायचा नसतो,
वायर काढली तरी आत धरून ठेवतो बराच वेळ.
जाळीतूनच बॅटरी मारली:
तीन कपॅसिटर, डोकी फुगलेली,
एकाच्या टाळूतून तपकिरी डिंक ओघळून वाळलेला.
कधीपासून कोण जाणे.
तरी रोज तीनपर्यंत रेटत होता बिचारा.

खडेबाजारातून नवा आणला. दोन हजार सातशे.
शारदव्वांनी तो हातात तोलून बघितला,
नारळ घेतात तसा, आणि मान हलवली.
तीन स्क्रू बसले. चौथ्याचं भोक जुळेना,
तो मी खिशात टाकला.

कोयरी भरली. माग बाजूला आपटत होते.
बारा. बारा. बारा.
"हन्नेरडु," त्या हळूच म्हणाल्या,
मुलाचा ताप उतरल्यावर म्हणावं तसं.
काठ उजव्या टोकापर्यंत गेला, वळला,

आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
दिवा गेला, पंखा गेला,
त्या शांततेत सोनटक्कींच्या चपला वाजल्या.
"म्हटलं नव्हतं? हेस्कॉम!"

आम्ही काही बोललो नाही.
लिंबू काढू का, मी विचारलं.
"राहू दे की ओ," शारदव्वा म्हणाल्या,
"त्याचं काय वॅट जातंय?"